कौल विरुद्ध गेल्यानंतर

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन या लहानशा राज्यात २००९ साली समलिंगी विवाहास मान्यता देणारा कायदा झाला. विधिमंडळाने तो संमत केला आणि ६ मे रोजी गव्हर्नर जॉन बाल्डाची यांनी त्यावर स्वाक्षरी केली. परंतु विधिमंडळाने केलेला कायदा अमलात येण्यापूर्वीच सार्वमताने रद्द करण्याची तरतूद त्या राज्याच्या घटनेत आहे. गव्हर्नरच्या मागील निवडणुकीत झालेल्या मतदानाच्या दहा टक्के इतक्या सह्या जमल्या, की प्रश्न थेट मतदारांपुढे जातो. ३ नोव्हेंबर २००९ रोजी सुमारे ५३ टक्के मतदारांनी हा कायदा रद्द ठरविला. एकाही जोडप्यास त्याचा लाभ मिळाला नाही.

या कायद्यासाठी दारोदार हिंडलेल्या स्वयंसेवकांच्या मनःस्थितीची कल्पना करणे कठीण नाही. एरवीच्या निवडणुकीत उमेदवार हरतो, पक्ष हरतो. येथे आपल्या संसाराची प्रतिष्ठाच शेजाऱ्यांनी नाकारली, असे त्यांपैकी अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. अल्पसंख्यांच्या हक्कांचा निवाडा बहुसंख्यांच्या मतपेटीत व्हावा काय, हा आक्षेपही निराधार नव्हता. मूलभूत हक्क बहुमताच्या लहरीवर अवलंबून असू नयेत, यासाठीच तर राज्यघटना असतात.

तथापि हा आक्षेप कितीही रास्त असला तरी त्याने लागलेला कौल बदलत नव्हता. अशा वेळी मतदारांस अडाणी ठरवून घरी बसणे सर्वांत सोपे असते. मेनमधील कार्यकर्त्यांनी तसे केले नाही. ते पुन्हा त्याच दारांशी गेले. शाळांतून मुलांना समलिंगी विवाहाचे पाठ दिले जातील, अशी भीती विरोधकांनी २००९ च्या प्रचारात पसरविली होती. त्या भीतीला केवळ हक्कांच्या परिभाषेत उत्तर देता येत नाही, हे कार्यकर्त्यांच्या ध्यानी आले. म्हणून त्यांनी बोलण्याइतकेच ऐकण्यालाही महत्त्व दिले. समोरच्या गृहस्थाला त्याच्या स्वतःच्या विवाहाविषयी विचारले आणि निष्ठा, सोबत, आजारपणातील आधार हीच आपलीही मागणी आहे, हे समजावून दिले. पुढच्या खेपेस सह्या जमविल्या त्या समर्थकांनीच. ६ नोव्हेंबर २०१२ रोजी मतांचे प्रमाण जवळजवळ नेमके उलटे झाले. त्याच दिवशी मेरीलँड व वॉशिंग्टन या राज्यांनीही तसाच कौल दिला. त्यापूर्वी अमेरिकेतील एकाही राज्याच्या मतदारांनी समलिंगी विवाहास संमती दिली नव्हती. २६ जून २०१५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी हा हक्क देशभर मान्य केला.

आपल्याकडे या प्रश्नावर सार्वमत झाले नाही. परंतु निराशेचा दिवस आपल्याकडेही उगवला. विवाह हा घटनादत्त मूलभूत हक्क नव्हे, यावर १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले आणि कायदा करण्याचे काम कायदेमंडळाचे ठरले. फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. कायदेमंडळ लोकमताकडे पाहून चालते. म्हणजे वाट अखेर लोकांच्या दारावरूनच जाते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. तरीही १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा होऊन ३७ वर्षे लोटली होती, पण मने तेथेच होती. कर्वे यांनी गावाशी वैर धरले नाही आणि कामही सोडले नाही.

मेनच्या स्वयंसेवकांना तीन वर्षांत यश मिळाले. सर्वांनाच ते इतक्या लवकर मिळेल असे नाही. प्रतीक्षेची किंमत ज्यांना मोजावी लागते, त्यांना धीराचा उपदेश करणे इतरांस शोभत नाही. इतरांनी करण्याजोगे काम एवढेच, की ती दारे ठोठावताना त्यांना एकटे सोडू नये.