पडद्यापलीकडे : अक्षरे फिकी दिसतात

"तू दिवसभर घरीच असतेस, मग काम कधी करतेस?" हा प्रश्न मला रामवाडीत आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांचा त्यात दोष नाही. मुंबई–गोवा महामार्गालगतच्या आमच्या पेणमधील या भागात काम म्हणजे सकाळी एसटी किंवा रेल्वे धरून जाणे आणि दिवेलागणीला थकून परतणे. मी कोठेच जात नाही. मागील दारच्या खोलीत संगणकासमोर बसते. एकदा शेजारच्या काकूंना माझ्या वतीने अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उत्तर दिले, "ती दुकानांच्या पाट्या रंगवते. फक्त त्या पाट्या फोनमध्ये दिसतात."

माझ्या व्यवसायाची याहून चांगली ओळख मलाही करून देता आलेली नाही. दवाखाने, दुकाने, शाळा, लहान कारखाने यांची संकेतस्थळे मी बांधते. पानावर काय असावे याचा सांगाडा आधी उभा करायचा, मग त्याला रंगरूप द्यायचे आणि शेवटी कोणते बटण दाबल्यावर काय घडेल ते ठरवायचे, असा कामाचा क्रम. मी कोणाची नोकर नाही. काम मिळाले तर पैसे, नाही मिळाले तर तो महिना ओढाताणीचा. इंग्लंडमधील ग्राहकाची दुपार सुरू होते तेव्हा आमच्याकडे तुळशीपुढे दिवा लागलेला असतो, त्यामुळे माझी बैठक पुष्कळदा रात्रीपर्यंत लांबते. आई गेल्यानंतर अण्णांजवळ राहता यावे म्हणून मी हा मार्ग पत्करला. मात्र एका घरात राहणे आणि जवळ असणे यांत अंतर असते. ते मला उशिरा उमगले. आज सांगायचे आहे ते त्याविषयीच.

अण्णा शहात्तर वर्षांचे आहेत. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची उभी हयात गेली. फलाटावर गाडी लागली की ते प्रत्येक घोषणा दोनदा करीत, आणि दुसऱ्यांदा अधिक सावकाश. लहानपणी मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले होते, "पाटी ज्याला वाचता येते त्याची गाडी चुकत नाही. घोषणा असते ती उरलेल्यांसाठी." हे वाक्य मी त्या वेळी ऐकले आणि विसरून गेले.

दीड वर्षापूर्वी अण्णांचे वर्तमानपत्र वाचणे हळूहळू कमी झाले. आधी अग्रलेख सुटला, मग आतली पाने, पुढे घडीही उघडेनाशी झाली. विचारले तर म्हणत, "त्याच त्या बातम्या, काय वाचायचे?" आईच्या जाण्याने मन उडाले असेल, वयही झाले आहे, असा अर्थ मी लावला आणि कामाला लागले.

त्याच सुमारास एका रक्ततपासणी केंद्रासाठी मी पान तयार करीत होते. घरी येऊन रक्ताचा नमुना नेण्यासाठी वेळ ठरवण्याची त्यात सोय होती. पान देखणे झाले होते. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर करड्या रंगाची नाजूक अक्षरे, आणि खाली तशाच सौम्य रंगाचे बटण. कौतुकाने मी फोन अण्णांच्या हाती दिला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, खिडकीकडे वळवला. "अक्षरे फिकी दिसतात गं," ते म्हणाले. कसेबसे नाव भरून झाले, ओटीपी आला, परंतु चष्मा पुसून तो वाचेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदाही तेच झाले.

"अण्णा, समोरच तर बटण आहे!" मी म्हणाले.

त्यांनी फोन अलगद टेबलावर ठेवला. "मला आता हे जमायचे नाही," एवढेच बोलून ते ओसरीवर जाऊन बसले.

आपल्या घरातही हे वाक्य कोणी उच्चारले असेल. काळजी वाहणाऱ्यांनी तेथे थांबावे, कारण त्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. आमच्या घरी त्या दोन्ही होत्या.

पहिली गोष्ट डोळ्यांची. नेत्रतज्ज्ञांनी तपासले तेव्हा अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात अधिक. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होत जाते, तसे केवळ धूसर दिसते असे नाही. रंग मळकट, पिवळसर भासतात, समोरून येणाऱ्या दिव्याने डोळे दिपतात, चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलतो. शिवाय फिकट रंगावरील फिकट रंग ओळखू येईनासा होतो. हे इतके संथपणे घडते की ज्याचे त्यालाही कळत नाही. अण्णांचे बातम्यांवरचे मन उडाले नव्हते. त्यांना बातम्या दिसत नव्हत्या. आणि दिवसाचे दहा तास पडद्यावरील अक्षरे न्याहाळणाऱ्या मुलीला ते ओळखता आले नव्हते.

दुसरी गोष्ट माझ्या कामाची. अक्षरे फिकी दिसतात हे अण्णांचे म्हणणे निव्वळ मोतीबिंदूमुळे नव्हते. ती खरोखरच फिकी होती. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये आली. साध्या मजकुराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान साडेचारास एक असावे, मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडू नये, वेळेची मर्यादा असल्यास ती वाढवून घेता यावी, असे त्यांत सांगितलेले आहे. मी माझे पान मोजले. गुणोत्तर तीनलाही पोहोचत नव्हते. हे निकष मला ठाऊक होते. देखणेपणाच्या नादात मी ते बाजूला ठेवले होते.

हा केवळ सौजन्याचा विषय नाही. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना पापणी मिटून ओळख पटवण्याची अट पार करता येत नव्हती. त्या प्रकरणी ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. म्हणून पडद्यावर एखादे बटण सापडले नाही, तर आजी-आजोबांनी स्वतःला बोल लावू नये. पाटी चुकीची रंगवलेली असू शकते.

त्या रात्री मी अक्षरे गडद केली, बटण मोठे केले, ओटीपीची मुदत वाढवली. तेव्हापासून प्रत्येक पान ग्राहकाच्या आधी अण्णांकडे जाते.

अण्णांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले गेले आणि त्याच दिवशी आम्ही घरी परतलो. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर संध्याकाळचे फिरणे पुन्हा सुरू केले. पडद्यापलीकडचे माझे आयुष्य विचाराल, तर ते या फिरण्याभोवती आहे. पेण म्हणजे गणपतींचे गाव. कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडत असतात. आम्ही एका कारखान्याच्या दारात थांबलो. आत रंगाच्या प्रतीक्षेत असलेल्या मूर्तींच्या रांगा होत्या. अण्णांनी एक डोळा झाकला, मग तो उघडून दुसरा झाकला. पुन्हा तसेच केले.

"अगं, या पांढऱ्या आहेत! मला वाटले होते, हल्ली पिवळट रंग देतात."

पलीकडे एक कारागीर मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करीत होता. अण्णा बराच वेळ तेथून हलले नाहीत.

वाचकहो, या अनुभवातून काही गोष्टी आपल्यापुढे ठेवते. घरातील ज्येष्ठांनी वाचन, शिवण, तांदूळ निवडणे यांपैकी काही सोडून दिले, तर मन किंवा वय यांवर ढकलण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असल्यास दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी करावी. दृष्टी एकाएकी गेली, डोळ्यांपुढे पडदा आल्यासारखे वाटले किंवा वीज चमकल्यासारखे दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे मोठी व ठळक करण्याची सोय असते. ती एकदा बसून लावून द्यावी. पडदा पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावे. हे माझ्यासारख्यांना जितके लागू आहे, तितकेच फोनवर कीर्तन ऐकणाऱ्या आजींनाही.

आणि शिकवताना फोन त्यांच्या हातातून काढून घेऊ नये. बोट त्यांचेच असू द्यावे. आपण फक्त सांगावे, आणि दुसऱ्यांदा सांगताना अधिक सावकाश. ओटीपी मात्र फोनवरून मागणाऱ्या कोणालाही सांगू नये, हे पहिल्याच दिवशी पक्के करावे. फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

अण्णांच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात आहे. तपासणीची वेळ त्यांनी स्वतः, फोनवरून ठरवली. मी शेजारी बसले होते. त्यांनी मला काही विचारले नाही.