‘तत्रैव’ म्हणजे नेमके कोठे?

इंग्रजी प्रबंधांच्या तळटिपांतील ‘इबिड.’ हा लॅटिन ‘इबिडेम’चा संक्षेप. मराठी संशोधनाने त्यासाठी ‘तत्रैव’ हा शब्द स्वीकारला. प्रतिशब्द म्हणून तो कमालीचा नेमका आहे. ‘इबि’ म्हणजे ‘तेथे’ आणि त्याला जोडलेला अंश अवधारणार्थक; ‘तत्र’ आणि ‘एव’ यांची घडण अशीच आहे. शब्द अचूक आला, परंतु त्यामागील शिस्त आपण स्वीकारली का, हा खरा प्रश्न आहे.

‘इबिडेम’चा संबंध फक्त लगतच्या आधीच्या टिपेशी असतो. त्या टिपेत एकाहून अधिक ग्रंथांचा निर्देश असेल, तर त्याचा वापर करता येत नाही. याउलट ‘ऑप. सिट.’, म्हणजे ‘ओपेरे किटाटो’, याचा अर्थ ‘निर्दिष्ट ग्रंथात’. मध्ये इतर निर्देश येऊन गेल्यावर लेखकाच्या नावापुढे तो लिहितात. मराठीत त्याजागी ‘उपरिनिर्दिष्ट’ किंवा ‘पूर्वोक्त’ असे शब्द योजले जातात. एकाच लेखकाचे दोन ग्रंथ आधी येऊन गेले असतील, तर त्यांपैकी कोणता, हे या संकेतातून कळत नाही.

काही वर्षांपूर्वी एका प्रबंधिकेत मराठी कादंबरीविषयीचे एक महत्त्वाचे विधान तपासू लागलो. टिपेत ‘तत्रैव’ होते. आधीची टीप एका शब्दकोशाची होती. अंतिम प्रत सिद्ध करताना मध्ये एक टीप वाढली आणि पुढचे ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाला चिकटले. विद्यार्थ्याचा हेतू शुद्ध होता; पण मूळ विधान कोणाचे, हे अखेर त्यालाही सांगता आले नाही. संगणकावर टिपांचे क्रमांक आपोआप बदलतात, ‘तत्रैव’चा संदर्भ मात्र आपोआप सुधारत नाही.

इंग्रजीनेही या संकेतांचा फेरविचार केला आहे. अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या मार्गदर्शिकेने १९८४ च्या आवृत्तीत कंसातील संक्षिप्त निर्देशांची पद्धती स्वीकारली. ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’च्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीने ‘इबिड.’ऐवजी लेखकाचे आडनाव व लघुशीर्षक यांना पसंती दिली. ऑक्सफर्डची विधिविषयक निर्देशपद्धती ‘इबिड.’ला मुभा देते, परंतु ‘ऑप. सिट.’ टाळण्यास सांगते. ज्या भाषेतून आपण हे संकेत घेतले, तिनेच त्यांना आवर घातला असताना आपण ते विद्वत्तेची खूण म्हणून जपावेत, हे विसंगत होय.

या संक्षेपांनी जागा वाचते आणि पुनरुक्ती टळते, हा आक्षेप खरा आहे. हाताने खिळे जुळवण्याच्या काळात त्याला वजनही होते. आज मात्र आडनाव, लघुशीर्षक आणि पृष्ठांक एवढे लिहिण्यास अर्धी ओळ पुरते. त्यामुळे ‘पूर्वोक्त’ सोडून द्यावे, आणि ‘तत्रैव’ वापरायचेच असेल तर टिपांचा क्रम निश्चित झाल्यावर अखेरच्या वाचनात, तेही एकाच पानावर, वापरावे, असे माझे मत आहे.

तळटीप परीक्षकासाठी नसते. आपले म्हणणे पडताळू इच्छिणाऱ्या अनोळखी वाचकासाठी ती असते. ‘तेथेच’ असे सांगताना ‘तेथे’ म्हणजे कोठे, हे त्याला कळले पाहिजे. एवढी हमी देता येत नसेल, तर ग्रंथाचे नाव पुन्हा लिहिण्यात कमीपणा मानू नये.