नीटला दोन वर्षे, ऑप्शन फॉर्मला पंधरा मिनिटे



नांदेड-लातूरला बारावीचे वर्ष म्हणजे काय, हे इथल्या कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आसपासच्या जिल्ह्यांतून मुले येतात, खोली करतात, मेस लावतात आणि टेस्ट सिरीजच्या गुणांवर त्यांचे दिवस चांगले-वाईट ठरतात. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी घडवलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने खेड्यापाड्यातली मुले डॉक्टर-इंजिनिअर केली, हे कुणी नाकारणार नाही. तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. परीक्षेची तयारी दोन वर्षे होते, कॉलेज निवडण्याची मात्र होतच नाही.

जून-जुलैत ऑप्शन फॉर्म भरायच्या दिवसांत कुठल्याही नेट कॅफेत डोकावावे. वडिलांच्या हातात कागदपत्रांची पिशवी, मुलाच्या मोबाइलवर कुठल्या तरी ग्रुपवरून आलेली कॉलेजांची यादी, मागे रांग. ‘पुढचं कोणतं टाकू?’ असे कॅफेवाला विचारतो आणि उत्तर आले नाही तर स्वतःच टाकतो. चार वर्षांचा निर्णय असा उरकला जातो.

या घाईची किंमत आता वाढली आहे. 2025 पासून इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत (कॅप) पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना हाच नियम लागतो. विष्णुपुरीचे श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 पासून आपल्या उशाशी आहे. तिथली हवी ती शाखा आधी टाकायची की पुण्यातले नावाजलेले पण नको त्या शाखेचे कॉलेज, हे कॅफेत उभ्या उभ्या ठरवायचे नसते.

मेडिकलचेही तेच. 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांसाठी राखणारे 70:30 चे प्रादेशिक सूत्र 2020 मध्ये रद्द झाले. ही मराठवाड्याचीच मागणी होती आणि रास्त होती. पण त्यामुळे नांदेडच्या मुलीपुढे मुंबईपासून कोल्हापूरपर्यंतची कॉलेजे आली. ती कशी आहेत, हे तिला सांगणारे कुणी आले नाही. राज्याच्या 85 टक्के आणि अखिल भारतीय 15 टक्के कोट्याच्या नोंदण्या वेगवेगळ्या असतात, हेही अनेक घरांत तारीख उलटल्यावर कळते. घरोघरी हिशेब चालतो तो गुणांचा. 2024 ला गुणांची अशी खैरात झाली की आदल्या वर्षी सरकारी कॉलेज मिळवून देणाऱ्या गुणांवर रँक कितीतरी खाली घसरली. 2025 ला पेपर अवघड निघाला आणि गणित पुन्हा उलटले. पाहायची ती रँक.

‘आधी मार्क तर पडू द्या, मग बघू’ हा नेहमीचा युक्तिवाद. पण जात पडताळणीसाठी मार्कांची वाट पाहावी लागत नाही. नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल यांसाठी निकालानंतर सेतू केंद्रावर जी झुंबड उडते, ती निकालाआधीच तयारी केली तर टळते. 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ झाले. तेही कागद पुरे असतील तरच पदरात पडते.

एमबीबीएस हुकले की मुलगा सरळ रिपीटर बॅचला जातो. एखाद्याने वर्ष द्यावेही. मात्र त्याच नीटच्या गुणांवर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात जाता येते, सीईटीवर परभणीच्या कृषी विद्यापीठाची दारे उघडतात, हे त्याला फी भरण्याआधी कुणी सांगायचे? क्लासवाले सांगणार नाहीत. त्यांचा तो धंदा आहे.

म्हणून हे काम कनिष्ठ महाविद्यालयांचे आहे. दिवाळीनंतर महिन्यातून एक शनिवार पुरे: सीईटी कक्षाने जाहीर केलेले मागील कट-ऑफ फळ्यावर मांडावेत, ऑप्शन फॉर्म कागदावर भरून घ्यावा, विष्णुपुरी-उदगीरची एक फेरी करावी, पालकांना कागदपत्रांची यादी हातात द्यावी. नांदेड-लातूरच्या प्राचार्यांनी याच वर्षी सुरुवात करावी आणि पालकांनीही पुढच्या पालकसभेत टेस्टच्या गुणांआधी याचीच विचारणा करावी.

— एक वाचक, नांदेड