यंत्र निवडावे की दुकान?

परभणीकडे दिवाळीत घरी येणारी मुले अलीकडे फराळाबरोबर एक नवा प्रश्नही घेऊन येतात. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीत, मुलगी कदाचित अमेरिकेत. वडील नुकतेच निवृत्त झालेले, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. ‘तुम्हांला वाचायचे यंत्र घेऊन देतो. किंडल घेऊ, कोबो घेऊ, की साधा टॅबलेट?’ वडील चष्मा पुसत म्हणतात, ‘स्वस्त असेल ते घे.’ प्रश्न तिथेच मिटतो आणि चार महिन्यांत ते यंत्र कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली जाऊन बसते.

हा काही श्रीमंतांच्या हौसेचा विषय नाही. १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली परभणीला साहित्य संमेलन भरले. संमेलन म्हटले की ग्रंथप्रदर्शन आलेच. पण संमेलन तीन दिवसांचे असते आणि वाचनाची भूक बारमाही. पालमला किंवा सोनपेठला राहणाऱ्याला एखादी नवी कादंबरी हवी असेल तर परभणी गाठावी लागते, नाही तर टपालाची वाट पाहावी लागते. शिवाय साठी उलटली की छापील अक्षर दरवर्षी थोडे बारीक होत जाते! बोटाच्या एका टेकणीने अक्षर मोठे करणारे यंत्र अशा माणसाला खरोखर वरदान ठरू शकते. म्हणूनच ते कोणते असावे, याचा विचार घाईने करू नये.

मी बँकेत असताना ट्रॅक्टरच्या कर्जाची प्रकरणे पाहिली आहेत. तरुण शेतकरी अश्वशक्ती विचारी, रंग विचारी. जिंतूरकडचे एक म्हातारे गृहस्थ मात्र वेगळेच बोलले. म्हणाले, ‘सायेब, इंजन समदेच चांगले असतेत. बिघडल्यावर मिस्त्री कुठून आणू, ते सांगा.’ वाचनयंत्राच्या जाहिराती पाहताना मला त्यांची आठवण होते. जाहिरातीत पडदा किती इंचांचा, वजन किती ग्रॅम, बॅटरी किती आठवडे हे सगळे असते. यंत्रात भरायची पुस्तके कुठून येणार आणि ते दुकान उद्या उघडे राहणार का, याबद्दल अवाक्षर नसते.

तरीही पडद्याबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण फरक मोठा आहे. किंडल आणि कोबो यांच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. विजेच्या भाराने काळे कण वर आले की अक्षर उमटते. एकदा पान लागले की ते टिकवायला वीज लागत नाही. ती पान उलटतानाच खर्च होते. डोळ्यांवर मागून उजेड येत नाही; दिवा असलाच तर तो कडेने पानावर पडतो. त्यामुळे आमच्याकडच्या वैशाखातल्या भर उन्हातही ओसरीवर बसून वाचता येते आणि भारनियमनाचीही फिकीर नाही. टॅबलेट म्हणजे मोठा मोबाइलच. उन्हात तो आरशासारखा आपलेच तोंड दाखवतो, आणि वाचता वाचता व्हॉट्सअ‍ॅपची टिंग वाजते ती वेगळीच. डोळ्यांचे म्हणाल तर पहिल्या जातीच्या यंत्रांना तोड नाही.

पण मिस्त्रीचा प्रश्न राहतोच. २०१० साली आपल्याच देशात दोन वाचनयंत्रे निघाली होती. इन्फिबीमचे ‘पाय’ होते, त्याची किंमत ९,९९९ रुपये. दुसरे होते ‘विंक’. भारतीय भाषा वाचता येतील हे दोघांचेही आश्वासन. आज दोन्ही नाहीत. फ्लिपकार्टने ई-पुस्तकांचे दुकान थाटले आणि डिसेंबर २०१५ मध्ये बंदही केले. गिऱ्हाइकांना कोबोकडे वळवण्यात आले. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने २०१९ साली आपले पुस्तकांचे दुकान आवरले तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तके त्यांच्या यंत्रांवरून नाहीशी झाली. पैसे परत मिळाले, समासात टिपा लिहून ठेवणाऱ्यांना वर पंचवीस डॉलरही मिळाले. पुस्तके काही परत आली नाहीत.

इथे आमच्या भागातली एक गोष्ट आठवते. स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणजे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची बँक. १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, पासबुक बदलले; पण कोणाच्या खात्यातला रुपया हलला नाही. उद्या एखादी बँक बुडालीच, तरी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. ठेवीदारामागे कायदा उभा असतो. ई-पुस्तक घेणाऱ्यामागे, मी सांगतो, फक्त दुकानदाराची मर्जी उभी असते.

याचे कारण असे, की आपण ‘विकत घ्या’ असे लिहिलेले बटण दाबतो, पण प्रत्यक्षात मिळतो तो वाचण्याचा परवाना. बँकेच्या भाषेत नजरगहाण म्हणतात तसलाच हा प्रकार. ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारात, पण त्यावर बोजा बँकेचा. फरक इतकाच, की कर्ज फिटले की आरसी बुकावरचा बोजा उतरतो. इथे पूर्ण पैसे मोजूनही तो उतरत नाही! जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. ज्याने ती विकायला ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. कंपनीने नंतर माफीही मागितली. पण विकलेल्या पुस्तकाला दुकानदाराचा हात पोचतो, हे त्या दिवशी जगाला कळले. घेतलेल्या पुस्तकाची प्रत संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये नेण्याची सोय पूर्वी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली.

आणि वारसाचे काय? मुदत ठेवीला आपण नॉमिनी लावतो. वडिलांच्या कपाटातली पुस्तके मुलाला मिळतात (मग तो ती रद्दीत घालतो ही गोष्ट वेगळी). किंडलच्या खात्यातली पुस्तके मात्र दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, असे त्या कंपनीच्या अटींतच लिहिलेले असते. शेजाऱ्याला वाचायला देणे आणि त्याने ती परत न करणे हा आपला जुना ग्रंथव्यवहारही इथे संपला.

आता मराठीचा मुद्दा. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमही त्याच वेळी आल्या. तरीही कितीतरी मराठी पुस्तके तिथे नाहीत. पुण्याच्या ‘बुकगंगा’कडे मराठीचा मोठा साठा आहे, पण तिथली पुस्तके त्यांच्याच अ‍ॅपमधून वाचायची असतात आणि ते अ‍ॅप मोबाइलवर, टॅबलेटवर चालते, किंडलवर नाही. आपली कितीतरी पुस्तके नव्वदच्या दशकात श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवली गेली. त्यांतली अक्षरे युनिकोडची नसल्यामुळे सरळ यंत्रात घातली तर समोर गिचमिड उभी राहते. पुन्हा टंकून नाही तर काळजीपूर्वक रूपांतर करून घेतल्याशिवाय त्यांचे चांगले ई-पुस्तक होत नाही. जुन्या ग्रंथांची छायाचित्रे काढून केलेल्या फुकट प्रती इंटरनेट अर्काइव्हवर विपुल आहेत, पण सहा इंची पडद्यावर ते पान मुंगीच्या रांगेसारखे दिसते, आणि छायाचित्रातले अक्षर मोठे करू गेले की ओळ पडद्याबाहेर पळते. त्यांना दहा इंची टॅबलेटच हवा.

यंत्र घेण्याआधी मी एक परीक्षा सुचवतो. त्यावर एखादे मराठी पुस्तक उघडून ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हे दोन शब्द शोधा. पहिला स्वयंपाक करणारा, दुसरा शिकवणारा. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचेही तसेच. एक सह्याद्रीतल्या, दुसरा कोकणातला. र आणि य यांच्या या जोडणीत यंत्र घोटाळा करत असेल, तर त्याला हिंदी येत असेल, मराठी येत नाही. ल आणि श यांची मराठी वळणे दिसतात की हिंदी, हेही पाहावे. पण ती गैरसोय सवयीने चालून जाते. आचाऱ्याचा आचार्य झालेला चालत नाही.

तर मुलांना उत्तर काय द्यावे? दुकानात जाण्यापूर्वी आईवडिलांकडून येत्या वर्षात वाचायच्या दहा पुस्तकांची यादी लिहून घ्यावी आणि प्रत्येक नाव किंडलच्या दुकानात, बुकगंगावर शोधावे. यादीत इंग्रजी पुस्तके निम्मी असतील आणि डोळे नाजूक असतील तर किंडल घ्यावे. तो पडदा त्या पैशांना मोल देतो. यादी बहुतेक मराठी असेल, जुनी पुस्तके असतील, तर माझा कौल साध्या दहा इंची टॅबलेटला. तो डोळ्यांना कमी सुखाचा, पण कोणत्याही एका दुकानाचा बांधील नाही. मुलीने परदेशातून कोबो आणलाच तर हरकत नाही. ई-पब या खुल्या स्वरूपातली बिनकुलपाची पुस्तके तो सरळ उघडतो. मात्र मराठी अक्षरांची परीक्षा तिथेच करून घे, असे तिला सांगावे. अँड्रॉइडवर चालणारी, कागदी पडद्याची यंत्रेही निघाली आहेत. त्यांत दोन्ही सोयी आहेत, पण किंमत ऐकून निवृत्त माणूस गप्प होतो. आणि खात्याचा पासवर्ड मुदत ठेवींचे आकडे असतात त्याच वहीत लिहून ठेवावा.

कुलूप नसलेली पुस्तके कुठून आणायची, असे कोणी विचारील. बी. रघुनाथ आपल्या परभणीचे. सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करत त्यांनी ‘आडगावचे चौधरी’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३ साली, चाळिशीतच ते गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो. म्हणजे १ जानेवारी २०१४ पासून त्यांचे लेखन कोणालाही छापता येते, टंकता येते, कोणत्याही यंत्रात घालता येते. कोणाची परवानगी लागत नाही आणि ते परत काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. मराठी विकिस्रोतावर असे मजकूर युनिकोडमध्ये ठेवायची सोय आहे. एक जुनी प्रत आणि मराठी टंकलेखन येणारी चार मुले, इतकेच भांडवल त्याला लागते. सेलूच्या, गंगाखेडच्या किंवा परभणीच्या एखाद्या महाविद्यालयात ते उन्हाळ्याच्या सुटीत जमण्यासारखे आहे.