छायाचित्र-उपचार : कॅमेरा कोणाच्या हाती, हाच कळीचा प्रश्न

बेंगळुरू येथील निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होते. विविध विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. या पार्श्वभूमीवर, मोबाईलमुळे घरोघरी पोहोचलेला कॅमेरा मानसोपचारात पूरक साधन ठरू शकतो का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील सरे येथील मनोरुग्णालयाचे डॉक्टर ह्यू वेल्च डायमंड यांनी १८५६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे या विषयावर निबंध मांडला. रुग्णांना त्यांचीच छायाचित्रे दाखविणे उपचारास उपकारक ठरते, असे त्यांचे मत होते. मात्र कॅमेरा डॉक्टरांच्या हाती होता आणि रुग्ण केवळ चित्राचा विषय होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. कर्करोगाने ग्रस्त ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स यांनी स्वतःच्या आजारपणाचे चित्रण स्वतःच केले. कॅनडातील मानसतज्ज्ञ ज्युडी वायझर यांनी स्वचित्रे, कौटुंबिक अल्बम आणि रुग्णाने टिपलेली छायाचित्रे यांचा समुपदेशनात उपयोग करण्याची पद्धत विकसित केली. येथे चित्राच्या कलागुणांना महत्त्व नसते. जे थेट बोलता येत नाही, ते चित्राच्या निमित्ताने बोलले जाते, हे या पद्धतीचे मर्म आहे. त्यामुळे ऐकणारा प्रशिक्षित असणे अनिवार्य ठरते. छायाचित्रण हा औषधोपचारांचा पर्याय नव्हे.

भारतात खरी कसोटी संमतीची आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार आस्थापनेत उपचार घेणाऱ्या रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीविना प्रसारमाध्यमांना देता येत नाही. परंतु या कलमाचा रोख उपचार आस्थापनांवर आहे. आस्थापनेबाहेर भरणाऱ्या कार्यशाळांतील चित्रे प्रदर्शनात किंवा समाजमाध्यमांवर गेली, तर सहभागी व्यक्तीची ओळख उघड होण्याचा धोका राहतोच. विवाह, नोकरी आणि शेजार यांवर मनोविकाराचा शिक्का आजही जड पडतो, त्या समाजात हा धोका लहान नाही.

त्यामुळे अशा उपक्रमांत चित्र काढण्याची आणि ते प्रसिद्ध करण्याची संमती स्वतंत्रपणे घेतली जावी; दिलेली संमती मागे घेण्याची मुभाही असावी. चित्रावरचा अंतिम अधिकार रुग्णाकडे राहिला, तरच त्याला उपचार म्हणता येईल.