पाच दिवसांची फुकट असाइनमेंट देऊन डिझायनर सापडत नसतो

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात कोणी यूआय-यूएक्सच्या नोकरीमागे आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आणि अशा नोकऱ्या देणं ज्यांच्या हातात आहे त्यांनी तर वाचाच.

गेल्या रविवारी खांदा कॉलनीत ओळखीच्या एका घरी गेलो होतो. त्यांची मुलगी लॅपटॉपसमोर बसलेली, डोळे सुजलेले. बीकॉम झाली, मग वर्षभर क्लास करून यूआय-यूएक्स शिकली. एका कंपनीने मुलाखतीच्या आधीच तिला 'असाइनमेंट' दिली होती. अख्खं किराणा अ‍ॅप, पंधरा स्क्रीन, प्रोटोटाइपसकट, पाच दिवसांत. दिवसा एका दुकानात बिलिंगचं काम करायचं आणि रात्री हे. अशी ही तिची तिसरी असाइनमेंट. आधीच्या दोघांनी "मिळाली" एवढंसुद्धा कळवलं नाही.

तिची आई मला म्हणाली, "दादा, तुम्हीपण अशाच मुलाखती घेता ना? एवढं काम करून घेतात, त्याचे पैसे नाही का देत?"

मी गप्प चहा पीत राहिलो. कारण घेतो. आणि एके काळी अशाच असाइनमेंट मीपण दिल्यात. पैसे न देता.

म्हणून आधी माझाच हिशोब मांडतो. समजा एका जागेसाठी वीस जणांना असाइनमेंट दिली. प्रत्येकाचे पंचवीस तास गेले. झाले ५०० तास. दिवसाला आठ तास धरले तर एका माणसाचं तीन महिन्यांचं काम. एवढी मजुरी फुकट घेऊन आपण नोकरी दिली किती जणांना? एकाला. उरलेल्या एकोणीस जणांना "वुई विल गेट बॅक टू यू". गवंड्याला कोणी म्हणतं का, की आधी एक खोली बांधून दाखव, आवडली तर कामावर घेतो?

बरं, ही मजुरी घेऊन निदान माणूस तरी पारखला जातो का? तर नाही. पारखलं जातं एवढंच, की कोणाकडे पाच संध्याकाळ मोकळ्या आहेत. ज्याचा बाप घर चालवतोय आणि ज्याची स्वतःची खोली आहे, त्याची फाईल देखणी येते. जी मुलगी पनवेलहून सात पंधराची लोकल पकडून रात्री नऊला घरी येते, तिची फाईल अर्धवट राहते. आपण म्हणतो, "हिच्यात पॅशन दिसत नाही." पॅशन कुठून दिसणार, ती वडाळ्याला उभी होती!

पोर्टफोलिओचीही तीच गत. महिन्याला पन्नासेक तरी बघतो. मंडळी, सगळे सारखे असतात हो. पहिल्या पानावर 'रिया, वय २८, मार्केटिंग मॅनेजर, कॉफी आवडते'. मग दोन हिरे शेजारी शेजारी काढलेले, तो ब्रिटिश डिझाइन कौन्सिलचा 'डबल डायमंड'. मग रंगीत चिठ्ठ्यांचा फोटो. मग "आम्ही ११२ जणांचा सर्व्हे केला", म्हणजे कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकला. याकोब नील्सनने २००० सालीच लिहून ठेवलंय की पाच माणसांना समोर बसवून वापरायला लावलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी दिसतात. पण पाच माणसांसमोर बसायचं तर घराबाहेर पडावं लागतं. त्यात मुलांचा दोष नाही, क्लासवाले हेच शिकवतात आणि आम्ही मुलाखतवाले हेच बघून माना डोलावतो. आता तर एआयला सांगितलं की दहा मिनिटांत देखण्या स्क्रीन तयार. म्हणजे जी गोष्ट यंत्र करतंय, तिच्यावरच आपण माणसं निवडतोय.

मग या कामात खरं लागतं काय? 'यूजर एक्स्पिरिअन्स' हा शब्द १९९३ च्या सुमारास अ‍ॅपलमध्ये डॉन नॉर्मन यांनी रूढ केला. त्यांना एकट्या स्क्रीनपुरतं बोलायचं नव्हतं. वस्तू हातात घेतल्यापासून माणसाचं जे जे होतं, ते सगळं त्यांना त्यात धरायचं होतं. ते बघायचं तर लांब जायला नको. पनवेल स्टेशनला तिकिटाच्या एटीव्हीएम मशीनजवळ अर्धा तास उभे राहा. भाषा मराठीपण आहे, पडदा मोठा आहे, सगळं आहे. तरी मशीनशेजारी मदतनीस असतो आणि लोक त्याच्या हातात नोट देऊन "एक कुर्ला रिटर्न" म्हणतात. ज्या मशीनला शेजारी माणूस उभा करावा लागतो, त्या मशीनबद्दल आणखी काय सांगायचं? हे ज्या उमेदवाराच्या आपणहून लक्षात येतं, लोक नेमके कुठे थबकतात ते ज्याला दिसतं, तो डिझायनर. फिग्मा त्याला महिन्यात शिकवता येतं. बघणं शिकवायला वर्षं लागतात.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते सांगतो. लाडकी बहीण योजनेची २०२५ मधली ई-केवायसी आठवा. बाईचा स्वतःचा आधार आणि ओटीपी, आणि त्याशिवाय नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि ओटीपी. आता ज्या बाईचा नवरा वारला आणि वडीलही नाहीत, तिने काय करायचं? ओटीपी कोणाच्या फोनवर येणार? अशा बाया अडकल्या. मग ओरड झाली, मुदत वाढवावी लागली, त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. योजना चांगली की वाईट, सरकार कोणाचं, यावर इथे भांडू नका, तो वेगळा विषय आहे. मी फक्त एका स्क्रीनबद्दल बोलतोय. त्या स्क्रीनचे रंग वाईट नव्हते, बटणंही जागेवर होती. फक्त ती मंजूर होईपर्यंत "नवरा नसेल तर?" एवढं कोणी ठामपणे विचारलं नाही, किंवा विचारलं असेल तर कोणी ऐकलं नाही. त्याआधी २०२१ च्या मे महिन्यात कोविनवर हेच झालं. १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस हवी तर ऑनलाइन नोंदणीशिवाय मार्ग नाही, आणि पोर्टल इंग्रजीत. मराठी आणि बाकीच्या भाषा आल्या त्या नंतर. डिजिटल दरीचा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टाने विचारला. डिझायनर चुकीचा निवडला तर असं होतं. कोणाचे दीड हजार अडकतात, कोणाची लस.

म्हणून हल्ली मी मुलाखतीत अशाच अर्जाचा एक कागद पुढे ठेवतो. "हा कोणाला भरता येणार नाही?" एवढंच विचारतो. पोर्टफोलिओ चकचकीत असलेले बरेच जण फॉन्टवर बोलायला लागतात. मागे एक मुलगा आला होता पेणकडचा, आधी सायबर कॅफेत अर्ज भरून द्यायचा. त्याने कागद बघितला आणि थांबेचना. लग्नानंतर नाव बदललेली बाई, आधारवर एक स्पेलिंग आणि बँकेत दुसरं, घरात एकच फोन आणि तो मुलगा कामावर घेऊन गेलेला, अंगठ्याच्या रेषा घासलेल्या म्हाताऱ्या. वीस मिनिटं बोलला. त्याच्या फिग्मा फाईलमध्ये एका लेयरला धड नाव नव्हतं. घेतला त्याला. लेयरला नावं द्यायला पंधरा दिवसांत शिकला.

दुसरी परीक्षा त्याहून साधी. उमेदवाराच्याच डिझाइनमध्ये इंग्रजी मजकूर काढून मराठी टाकायला लावा. 'सबमिट'च्या जागी 'अर्ज सादर करा'. बटण फुटतं, वरची वेलांटी कापली जाते, खालचा उकार पुढच्या ओळीत घुसतो. देवनागरीला वर-खाली जागा जास्त लागते, हे वर्षभर क्लास केलेल्यांनासुद्धा कोणी सांगितलेलं नसतं. ज्या आयआयटी मुंबईच्या आयडीसीत र. कृ. जोशींसारख्या माणसाने देवनागरी अक्षरावर आयुष्य घातलं, ती आयडीसी पवईला. पवई पनवेलपासून काही सातासमुद्रापलीकडे नाही.

आणि मुलाखतीची भाषा. इंग्रजी यायला नको असं मी म्हणत नाही, कामात लागतंच. पण ज्या अ‍ॅपचे गिऱ्हाईक उरण-कर्जतचे, त्याच्या डिझायनरला तुम्ही तासभर इंग्रजीत उलटतपासणी करून "कम्युनिकेशन वीक" लिहिता? कोणाशी कम्युनिकेशन?

एचआरवाले मित्र लगेच म्हणतील, तीनशे अर्ज येतात, चाळणी कशी लावायची? लावा ना. पोर्टफोलिओतली कुठलीही एकच स्क्रीन उघडा आणि फोनवर दहा मिनिटं विचारा, हे असं का केलंस, आधी काय होतं, कोणाला दाखवलंस, त्याने काय चूक काढली. स्वतः काम केलेला अडखळत का होईना सांगतो, उचललेला तिसऱ्या प्रश्नाला गार पडतो. त्यातून पाच-सहा जण उरतात. त्यांना दोन तास ऑफिसात बोलवा, आपल्या माणसांबरोबर बसवून एक छोटं काम द्या, आणि त्या दोन तासांचे पैसे द्या.

आमच्या ऑफिसात हे सुरू करायला मला दोन मीटिंग भांडावं लागलं. अकाउंट्सवाल्यांचा प्रश्न होता, "नोकरी न दिलेल्या माणसाला पैसे कुठल्या खात्यातून देणार?" शेवटी चहापाण्याच्या खात्यातून दिले. मागच्या खेपेला सहा जणांचे मिळून जेवढे झाले, त्याच्या दुप्पट आम्ही दिवाळीच्या कंदिलांवर घालवले होते.

खांदा कॉलनीतल्या त्या मुलीने पंधरातल्या नऊ स्क्रीन केल्या आणि कंपनीला मेल लिहिला की पुढचं काम मानधन ठरल्यावर. मेलचा मजकूर मी बघून दिला. उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्या कंपनीत जागा असेल आणि वर सांगितलंय तशी मुलाखत घेणार असाल तर मेसेज करा, तिला विचारून तिचा नंबर देतो. पंधरा स्क्रीन मागणार असाल तर राहू दे.