गाणे ओठांवरचे आणि मनातले



दरवर्षी १५ ऑगस्टला आपण शाळेच्या मैदानावर रांगेत उभे राहतो. झेंडा फडकतो आणि देशभक्तीची गाणी सुरू होतात. पुढची मुले मोठ्याने गातात. मागची काही मुले नुसते ओठ हलवतात. त्यांतल्या एकाला मी कारण विचारले. तो म्हणाला, "सर, गाण्यांनी काय होते? स्वातंत्र्य तर लढून मिळाले!"

त्याचा प्रश्न मला आवडला. गाण्याने बंदुकीची गोळी अडत नाही, हे खरेच आहे. पण लढण्यासाठी माणसे एकत्र यावी लागतात आणि त्यांच्या मनातली भीती जावी लागते. माझ्या मते ही दोन्ही कामे गाण्यांनी केली.

त्या काळी बहुतेक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. वर्तमानपत्र त्यांच्या उपयोगाचे नव्हते. गाणे मात्र एकाने म्हटले की दहा जणांना पाठ होई. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी इंग्रजांनी बंगालची फाळणी अमलात आणली. त्या दिवशी रवींद्रनाथ टागोर कलकत्त्याच्या रस्त्यावर उतरले. लोक त्यांचे गीत गात होते. हिंदू आणि मुसलमान एकमेकांना राखी बांधत होते. पुढे १९११ मध्ये सरकारला ही फाळणी रद्द करावी लागली.

गाण्याला भाषेची आणि धर्माची भिंत नसते. पाटण्याचे शायर बिस्मिल अजीमाबादी यांनी एक उर्दू गझल लिहिली. क्रांतिकारक रामप्रसाद बिस्मिल यांच्या तोंडी ती इतकी शोभली, की अनेकांना ती त्यांचीच वाटते. रामप्रसाद आणि त्यांचे जिवलग मित्र अशफाकउल्ला खान यांना १९ डिसेंबर १९२७ रोजी वेगवेगळ्या तुरुंगांत फाशी झाली. शेवटपर्यंत दोघेही डगमगले नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात साने गुरुजींनी देशभक्तीच्या कविता लिहिल्या. त्यांचा 'पत्री' हा कवितासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला. आता तुम्हीच विचार करा. गाण्यांत काही ताकद नसती, तर एवढे मोठे सरकार कवितेच्या एका पुस्तकाला का घाबरले असते?

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. गाण्याची ताकद केवळ शब्दांत किंवा चालीत नसते. ती गाणाऱ्याच्या मनात असते. त्या लोकांनी गाणी म्हटली आणि त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगवास भोगला. आपल्याला आज गाण्यासाठी कोणी शिक्षा करत नाही. म्हणूनच कदाचित आपण अर्थाकडे लक्ष देत नाही.

नुसते मोठ्याने गाणे म्हणजे देशभक्ती नव्हे. एकतेचे गाणे म्हणायचे आणि मैदानाबाहेर पडताच शेजाऱ्याशी भांडायचे, हे बरोबर नाही. गाणे मराठी असो, उर्दू असो की बंगाली, आधी त्याचा अर्थ समजून घ्या. शब्द अडला तर शिक्षकांना विचारा. मग कोणी सांगितले नाही तरी तुमचा आवाज मागच्या रांगेतूनही ऐकू येईल.